उरलेली तीन मिनिटे

यंदा ज्वारी उशिरा निसवली. परतीचा पाऊस दिवाळी ओलांडून रेंगाळला, पेरण्या मागे पडल्या, आणि एरवी संक्रांतीच्या सुमारास हाती लागणारा हुरडा माघ उजाडला तरी दुधातच होता. परवा बसप्पाचा फोन आला. अक्कलकोट रस्त्याला त्याची कोरडवाहू शेती आहे. घरात कन्नड, बांधावर मराठी आणि बैलांशी दोन्ही, अशी त्याची बोली. म्हणाला, "सायेब, हुरडा आलाय. मिरीला घिऊन या की. दोन वर्सं झाली, रानात पाय न्हाई तुमचा."

"येतो," असे मी म्हणालो आणि फोन ठेवून कपाटातली एक फाईल काढली.

मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होतो. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली, पण लेखी मागणे आणि लेखी मिळवणे ही सवय अंगातून गेली नाही. पाणी पाच दिवसांआड का येते, नायलॉनचा मांजा उघड्यावर कोण विकतो, पदपथावर जनित्र कोणाच्या परवानगीने उभे राहते, या प्रत्येक प्रश्नाची माझ्याकडे वेगळी फाईल आहे. तीत प्रत्येक पत्राची स्थळप्रत आणि प्रत्येक पोचपावती आहे. बहुतेक फायलींत उत्तरे नाहीत. काहींत आहेत, ती उडवाउडवीची आहेत. या सगळ्यांत एकच फाईल अशी, की जिच्यातला निकाल संपूर्णपणे माझ्या बाजूने लागला. तीच मला उघडवत नाही.

त्या फाईलवर माझ्या पत्नीच्या, नलिनीच्या अक्षरात लिहिले आहे : मिरी.

कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात काम केलेले माझे एक स्नेही मुलाकडे परदेशी निघाले, तेव्हा त्यांनी पॉइंटर जातीचे एक पिल्लू माझ्या गळ्यात घातले. पिल्लाबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती : पक्ष्यांचा माग काढणाऱ्या कुत्र्यांच्या मैदानी चाचणीचे नियम. खरे सांगायचे तर मला कुत्रे नको होते. पुस्तिका मात्र मी गाडीतच वाचून काढली. इतकी नेटकी कलमे, इतकी स्वच्छ व्याख्या मी बऱ्याच अधिनियमांतही पाहिली नव्हती. घरी आल्यावर नलिनीने टोपलीतले पिल्लू पाहिले. पांढऱ्या अंगावर कोणीतरी मिरपूड भुरभुरवावी तसे ठिपके. ती म्हणाली, "अहो, ही तर मिरी." आणि मग माझ्या हातातल्या पुस्तिकेकडे पाहून, "आणि हे काय? हिच्याबरोबर तुमचंही खाणं आणलंत वाटतं."

शिकार या देशात कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे, या मताचा मी आहे. या चाचणीत बंदूक नसते. कुत्र्याने पक्ष्याला धरायचे नसते, भुंकायचे नसते, त्याच्यावर झेपही घ्यायची नसते. वारा नाकावर घेत त्याने रान विंचरत जायचे, आणि वास लागला की जिथे असेल तिथे थिजायचे : मान लांब, शेपूट ताठ, पुढचा एक पाय उचललेला. पक्षी दिसत नाही. कुत्र्याचे सारे शरीर मात्र सांगते की तो तिथे आहे. बोलावल्याशिवाय त्याने तिथून हलायचे नाही. असा प्राणी मला पूर्वी ठाऊक नव्हता. आयुष्यभर न्यायालयात मी अशा साक्षीदाराची वाट पाहिली होती, की ज्याला ठाऊक आहे तेवढेच तो सांगेल आणि मग गप्प राहील.

तो हंगाम आता आठवतो तो तुकड्यातुकड्यांनी. पहाटेच्या काळ्या रानावरचा गार ओलसर वास. भेगांच्या कडेला साचलेले दव. मालदांडीची कणसे भरू लागलेली, आणि ज्वारीच्या पट्ट्यांभोवती पेरलेली करडई काट्यावर आलेली. दूर कुठे तित्तर ओरडायचा, तीन सुरांत, घाईघाईने, आणि मिरीचे कान त्या दिशेला वळायचे. मी वनखात्याला लेखी विचारले होते की अशा रानात कुत्रे मोकळे सोडणे नियमाला धरून आहे काय. उत्तर येईपर्यंत तिला लांब दोरी लावूनच फिरवायचे, असे मी ठरवले. उत्तर अद्याप आलेले नाही. बसप्पा बांधावर बसून हसायचा. "दोरी तिला हाय का तुमाला, सायेब?"

घरी परतलो की नलिनी पायरीवर बसायची, मिरीचे पाय मांडीवर घ्यायची आणि सेफ्टी पिनेने करडईचे काटे काढायची. एका पायाला पाच-पाच काटे. काटा निघाला की बोटावर खोबरेल घेऊन ती त्या जागी फिरवायची आणि प्रत्येक पायानंतर म्हणायची, "झालं गं बाई."

हे शब्द तिचेच होते. भाकऱ्या संपल्या, ओटा पुसून झाला, वाळवण आत आले, की ती स्वतःशीच पुटपुटायची : झालं गं बाई. मिरीपुढे ताकात कुस्करलेली भाकरी ठेवायची तेव्हाही ती आधी हात धुवायची, पदराला पुसायची, आणि मगच ते शब्द म्हणायची. तोवर मिरी वाटीपासून हातभर अंतरावर उभी. लाळ गळायची, पाय हलायचा नाही. हे तिला कोणी शिकवले नव्हते. मी पुस्तिकेतल्या इंग्रजी आज्ञा घोकून घोकून तिला सांगितल्या, शिट्टी आणली, वेतकाठीला पिसे बांधून महिनाभर अंगणात फिरवली. ती ऐकायची माझे. पण तिची सुटका व्हायची ती नलिनीच्या त्या तीन शब्दांनीच. शेवटी मी रानात तिला सोडवायचे असले की दोरीने जवळ घेई, मानेला हात लावी. शब्द मी कधी वापरले नाहीत. ते माझे नव्हते.

नलिनीला वाचता यावे म्हणून मी ती पुस्तिका दोनशे पानी वहीत मराठीत उतरवून काढली. निळ्या शाईत कलमे, लाल शाईत महत्त्वाचे. ती दुपारी चष्मा लावून वही घेऊन बसायची. कलम अकरावर मी तिची तीन वेळा उजळणी घेतली होती. त्यात म्हटले होते की चाचणीची वेळ चालू असताना, धन्याखेरीज अन्य कोणीही कुत्र्याला उद्देशून शब्द काढल्यास ते कुत्रे बाद ठरेल.

"म्हणजे मी गप्प बसायचं," ती म्हणाली.

"एक शब्दही नाही."

"मला जमेल. तुम्हाला जमेल का ते बघा."

तिच्या हृदयाची झडप निकामी होत चालल्याचे त्याच हिवाळ्यात समजले होते. पाय सुजत. डॉक्टरांनी जिने चढू नका, फार वेळ उभे राहू नका, असे बजावले होते. संक्रांतीच्या जत्रेला, गड्ड्याच्या मैदानावर ती त्या वर्षी गेली नाही. नंदीध्वजांची मिरवणूकही गच्चीवरून पाहायची राहिली. "मला एवढी चाचणी बघायचीय," ती म्हणाली. "ती लोकांसमोर उभी राहिलेली बघायचीय. मग तुम्ही म्हणाल तिथे, म्हणाल त्या दवाखान्यात येईन." म्हणून मी घडीची एक खुर्ची आणली, हिरव्या कापडाची. सारा दिवस बसता येईल अशी.

चाचणी बसप्पाच्याच रानालगत होती. आयोजक बाहेरगावचे, श्वानप्रेमींची एक संस्था. काढणी झालेल्या पट्ट्यात कडब्याच्या पेंढ्या ठिकठिकाणी उभ्या केल्या होत्या आणि काही पेंढ्यांआड टोपल्यांखाली पाळीव लावे ठेवले होते. कुत्रे उभे राहिले की मदतनीस दोरी ओढणार, टोपली उलटणार, पक्षी उडणार. प्रत्येक कुत्र्याला वीस मिनिटे. आमच्याखेरीज बाकी सारे मुरलेले लोक होते; त्यांच्या जीपगाड्या, त्यांच्या टोप्या, त्यांच्या कुत्र्यांची चार पिढ्यांची कुळी. हौशी गटात आम्ही एकटेच. एकाने विचारले, "आजोबा, पहिलीच वेळ?" मी म्हणालो, "होय. पण नियम वाचून आलोय." तो हसला. तेव्हापासूनच माझे डोके तापले होते, हे आज मान्य करतो.

मिरी चांगली धावली. डावी-उजवीकडे नागमोडी, वाऱ्याला छेद देत, अगदी पुस्तिकेतल्या आकृतीप्रमाणे. पण वारा पडला होता आणि पहिल्या दोन पेंढ्यांआड काहीच नव्हते. मी एक शब्द बोललो नाही. मग परीक्षकांची शिट्टी वाजली. वेळ संपली.

मी घड्याळ पाहिले. सतरा मिनिटे झाली होती.

परीक्षक सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. मी त्यांच्याकडे गेलो आणि घड्याळ पुढे केले. त्यांनी ते पाहिले नाही. "वेळेचा निर्णय आमचा," ते म्हणाले. "आक्षेप असेल तर लेखी द्या. पुढचं कुत्रं सोडायच्या आत."

लेखी. तो शब्द उच्चारून त्यांनी मला नेमके माझ्या रानात नेले. दोन पट्टे पलीकडे, बाभळीखाली त्यांचे टेबल होते. टेबलाशी जादा खुर्ची नव्हती. मी नलिनीकडे आलो. ती प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे हिरव्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर ती वही.

"तीन मिनिटं कापली त्यांनी," मी म्हणालो. "तीन मिनिटं आपली बाकी आहेत. जरा ऊठ, दोन ओळी लिहून येतो."

ती उठली. मी खुर्ची घडी करून काखेत मारली आणि बाभळीकडे गेलो.

दोन ओळींची चार पाने झाली. कलम चार, पोटकलम दोन, कलम नऊ, नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचा भंग. मी पाठ फिरवून बसलो होतो. अक्षर सुरेख आले. तसे अक्षर मी निवृत्तीनंतर क्वचितच काढले असेन. दोनदा कोणीतरी, "काका, आवरा," म्हणाले. मी मान वर केली नाही. प्रत लिहिली, पोच मागितली, पोचेवर वेळ घालण्याचा आग्रह धरला. मिरी माझ्या मागोमाग आली असेल, असे मी गृहीत धरले होते. ती नेहमी येत असे.

परत आलो तेव्हा नलिनी बसप्पाच्या बांधावर टेकली होती, तोंड उन्हाने काळवंडलेले, आणि मिरी तिच्या पायाशी जीभ बाहेर काढून पडली होती. मी खुर्ची उघडली. "बस," म्हणालो. ती म्हणाली, "आता घरीच जाऊ या." वाटेत मी तिला आक्षेप वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकला. "छान लिहिलंय," म्हणाली.

काय घडले ते मला चार दिवसांनी बसप्पाकडून समजले. तो कडब्याची गाडी घेऊन सोलापुरात आला होता, आणि दारात उभा राहूनच त्याने मला विचारले, "सायेब, अक्काची तब्येत कशी हाय? लई येळ हुबी होती की वो त्या दिशी."

"किती वेळ?"

"तुमी तितं लिवत बसला ना, तवाधरनं. मिरी हितं लागली की वो. तिसऱ्या पेंडीला. पाय उचललेला, शेपूट अशी सळईवानी. लई देखणी दिसत हुती. मदतीचा गडी चा प्यायला गेलता, मोठे सायेब तुमच्या टेबलापाशी. बघायला कुनीच न्हाई. मी अन् अक्का. मी म्हनलं, अक्का, हाक मारा की तिला. तर अक्कानं पदर तोंडाला लावला आनि नुसती मान हालवली. बसा म्हनलं तर ते बी न्हाई. कुत्रं हितं हुबं, अक्का तितं हुबी. मी शेवटी हात जोडले. साकु अक्का, म्हनलं, पुरे की आता. तवा कुटं ती बोलली, झालं गं बाई. आनि मिरी आली. टोपली मीच उलटली. लावा बसूनच ऱ्हायला जरा येळ, त्याला बी खरं वाटंना."

मी आत गेलो. नलिनी शेंगा निवडत होती.

"तू हाक का मारली नाहीस?"

तिने चष्मा वर केला. "कलम अकरा," ती म्हणाली.

"पण वेळ संपली होती. शिट्टी झाली होती."

"तुम्हीच तर म्हणालात, तीन मिनिटं आपली बाकी आहेत. मग मी कशी बोलणार? मी बोलले असते तर ती बाद झाली असती ना? आणि तुमचा अर्जही खोटा पडला असता." थोडा वेळ ती शेंगा निवडत राहिली. "तीन मिनिटं कधी संपली ते सांगायला तुम्ही याल, म्हणून थांबले."

"बसायचं तरी."

ती हसली. तिला खुर्चीची आठवण करून द्यायची नव्हती, हे मला तेव्हाही कळले.

मग मी फाईल काढली. शिट्टीची वेळ मीच आक्षेपात नोंदवली होती : दहा वाजून बारा मिनिटे. पोचेवरची वेळ, जी मी भांडून घालून घेतली होती : दहा चाळीस. दोन्ही आकडे माझ्याच पुराव्यातले. मी ते वजा केले आणि फाईल मिटली.

तिला मी अनेकदा विचारले, मिरी कशी दिसत होती. दवाखान्यात, पावसाळ्यात, तिचा श्वास तोकडा पडू लागला तेव्हाही. ती तुटक तुटक सांगायची. एकदा म्हणाली, नाकाचे टोक तेवढे हलत होते. एकदा म्हणाली, पाठीवर एक फुलपाखरू येऊन बसले, तरी ती हलली नाही. एकदा म्हणाली, "तुमच्यासारखी दिसत होती हो. रागावल्यावर तुम्ही दिसता ना तशी. पण गप्प." ते सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचे ते पाहण्यासाठीच मी विचारत असे. माझ्याकडे त्या क्षणाची एवढीच प्रत आहे, आणि तीही ऐकीव. आमच्या न्यायालयात ऐकीव पुरावा ग्राह्य धरत नाहीत.

श्रावणात ती गेली. त्या दिवशीच्या उभे राहण्याने तिचे आयुष्य कमी झाले काय, हे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचा काही संबंध नाही, असे सांगितले. मी लेखी मागितले. लेखी मिळाले नाही.

त्यानंतर पितृपक्षात आयोजकांचे पत्र आले. आक्षेपाचा साकल्याने विचार करण्यात आला असून तो मान्य करण्यात येत आहे. वेळमापनात तीन मिनिटांची चूक झाल्याचे आढळले. झाल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. सदर तीन मिनिटे आपणास पुढील हंगामात वापरता येतील. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. मी ते पत्र उभ्यानेच वाचले. आयुष्यभर ज्या भाषेत मी न्याय मागितला त्या भाषेतला तो इतका निर्दोष कागद होता, की तो फाडण्याइतका राग मला आला, आणि फाडता आला नाही. दोन भोके पाडून तो फाईलला लावला. पुढच्या हंगामात मी गेलो नाही. त्यापुढेही नाही. ती तीन मिनिटे अजून माझ्या नावावर आहेत.

काल सकाळी बसप्पाकडे गेलो. मिरी आता नऊ वर्षांची आहे. डोळ्यांवर निळसर साय आली आहे, मागचे पाय आखडतात. अक्कलकोट रस्त्याच्या त्या अंगाला आता बिगरशेती प्लॉट पडलेत, पांढरे दगड रोवलेत, आणि ज्या बाभळीखाली मी लिहीत बसलो होतो ती तोडून तिथे कमान उभारली आहे. तिच्यावर कोणा वसाहतीचे नाव आहे. त्या झाडतोडीची परवानगी होती काय, हे विचारणारे पत्र मी पाठवले आहे. बसप्पाचे रान तेवढे अजून रान आहे. आगटी पेटली होती. भाजक्या कणसांचा धूर, शेंगांची चटणी, तळव्यांवर चोळलेला गरम हिरवा हुरडा. वास तोच. मी हुरडा हातातच धरून बसलो.

"खावा की, सायेब. अक्का असती तर तुमच्या वाटचा बी खाल्ला असता तिनं."

"तिला वाफाळता लागायचा," मी म्हणालो.

मिरीला दोरी लावली नव्हती. आम्ही बोलत असताना ती आखडत आखडत बांधाकडे गेली, करडईच्या कडेने वळली, आणि थांबली. मान पुढे गेली. शेपूट, जी हल्ली खालीच असते, हळूहळू वर आली. पुढचा डावा पाय उचलला गेला. थरथरत होता, पण उचललेला राहिला. समोर तित्तर होता की नव्हता, मला ठाऊक नाही. मी हातातला हुरडा खाली ठेवला.

हे मी पहिल्यांदा पाहत होतो. घरात वाटीपुढे, रानात दोरीला बांधलेली, अशी ती मी पुष्कळदा उभी राहिलेली पाहिली होती. मोकळी, स्वतःच्या मनाने उभी राहिलेली कधीच नाही.

बसप्पा माझ्या गाडीकडे गेला आणि मागच्या डिकीतली हिरवी खुर्ची घेऊन आला. ती तिथेच असते. "बसा की," तो हळूच म्हणाला. मी खुर्ची त्याच्या हातून घेतली, उघडली, मिरीकडे तोंड करून ठेवली आणि खुर्चीच्या शेजारी उभा राहिलो. घड्याळ पाहिले नाही. ऊन चढले. नाकाचे टोक तेवढे हलत होते. नलिनीने खरेच सांगितले होते. माझे गुडघे दुखू लागले, मग दुखेनासे झाले.

"साकु, सायेब," बसप्पा म्हणाला. "म्हातारी झालीया ती. पाय बगा कसा कापतोय. सोडवा तिला."

जे शब्द मी कधी वापरले नव्हते, ते मी जमेल तितक्या मऊपणे उच्चारले. झालं गं बाई.

शब्द तेच होते, क्रमही तोच होता. मिरी हलली नाही.